तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये: घरून निघण्याआधीची तयारी

मैदानाच्या किंवा नाट्यगृहाच्या दारात उभं राहून लोक फोनमध्ये जे शोधत असतात, ते बहुतेक वेळा फोनमध्येच असतं. ईमेलमध्ये असतं, तिकिटाच्या ॲपमध्ये असतं, नाहीतर घरातल्या कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं असतं. फक्त ऐन वेळी उघडत नाही. हजारो फोन एकाच टॉवरवर लटकलेले असतात, ॲप आपोआप लॉगआउट झालेलं असतं, ओटीपी येत नाही आणि मागे रांग खोळंबते. तिकीट वॉलेटमध्ये ठेवायचं ते एवढ्यासाठी, की दारात इंटरनेट, पासवर्ड किंवा ओटीपी यांपैकी कशाचीही गरज पडू नये. ही सगळी कामं घरी, वायफायवर, निवांतपणे उरकायची असतात.

हे पैशांचं वॉलेट नव्हे

आपल्याकडे वॉलेट म्हटलं की आधी पैसे भरून ठेवायचं पाकीट आठवतं. हे वॉलेट वेगळं. अँड्रॉइडवरचं गुगल वॉलेट भारतात मे २०२४ मध्ये आलं आणि ते गुगल पेपासून स्वतंत्र ॲप आहे. यूपीआयचे व्यवहार पेमध्ये होतात. तिकिटं, बोर्डिंग पास, सभासद कार्डं वॉलेटमध्ये राहतात. आयफोनमध्ये ॲपलचं वॉलेट आधीपासूनच असतं. २०१२ मध्ये ते पासबुक नावाने आलं आणि २०१५ मध्ये त्याचं नाव वॉलेट झालं. दोन्हींत तिकीट ठेवण्यासाठी बँकेचं कार्ड जोडावं लागत नाही. कार्ड जोडा असा पडदा आला, तर तो टाळून पुढे जा.

आधी बघा, हातात आलंय ते तिकीटच आहे का

नवख्यांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. पैसे कटले की लगेच ईमेल येतो, त्यात बुकिंग क्रमांक असतो, कधीकधी कोडही असतो. पण तो ईमेल म्हणजे तिकीट असेलच असं नाही. तीन प्रकार असतात. पहिल्यात ईमेल किंवा ॲपमधला क्यूआर कोड हेच तिकीट. तो दाखवला की आत. दुसऱ्यात ती फक्त पावती असते आणि खरं कागदी तिकीट किंवा मनगटावर बांधायचा पट्टा ठरलेल्या खिडकीवरून आधी घ्यावा लागतो. तिसऱ्यात कोड कार्यक्रमाच्या एक-दोन दिवस किंवा काही तास आधीच दिसायला लागतो, तोवर त्या जागी कुलूप किंवा धूसर चौकोन असतो.

म्हणून ईमेल शेवटपर्यंत वाचा. ‘बॉक्स ऑफिस पिकअप’ किंवा ‘एक्स्चेंज’ असे शब्द दिसले की समजा, वॉलेटने काम भागणार नाही. खिडकीची वेळ, ठिकाण आणि सोबत काय न्यायचं ते त्याच ईमेलमध्ये असतं. बहुधा ओळखपत्र लागतं, काही ठिकाणी ज्या कार्डाने पैसे भरले ते कार्डही बघतात. क्रिकेटच्या सामन्यांना हा प्रकार वरचेवर दिसतो आणि खिडकी मैदानापासून लांब असू शकते.

अँड्रॉइड फोनवर

प्ले स्टोअरवरून गुगल वॉलेट घ्या. फोनमध्ये अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. ॲप उघडल्यावर पहिलं काम म्हणजे वर उजवीकडच्या गोल चित्रावर बोट ठेवून कुठलं जीमेल खातं चालू आहे ते बघणं. पास नुसता फोनमध्ये नव्हे, त्या खात्यात जमा होतो. ऑफिसचं एक आणि घरचं एक अशी दोन खाती एकाच फोनमध्ये असतात, तिकीट एका खात्यात जातं आणि वॉलेट दुसऱ्या खात्यावर उघडं असतं. मग ‘तिकीट गायब झालं’ म्हणून धावपळ होते. खातं बदललं की ते जागच्या जागी सापडतं.

तिकीट आत आणायचे रस्ते तीन.

१. तिकीट विकणाऱ्याच्या ईमेलमध्ये, ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर ‘ॲड टू गुगल वॉलेट’ असं काळं बटण असेल, तर तेच दाबा. हा सगळ्यात भरवशाचा रस्ता. असा पास विकणाऱ्याशी जोडलेला राहतो. वेळ किंवा गेट बदललं आणि विकणाऱ्याने ते भरलं, तर पासवरही बदलतं.

२. काही तिकिटं जीमेलमधून आपोआप वॉलेटमध्ये येतात, विशेषतः सिनेमाची. त्यासाठी जीमेलच्या सेटिंगमधली ‘स्मार्ट फीचर्स’ चालू लागतात. आपोआप येईल या भरवशावर राहू नका. आलं तर ठीक, नाहीतर हाताने घाला.

३. बटण नसेल, तर वॉलेटमध्ये खाली उजवीकडचं अधिक चिन्ह दाबा, फोटोचा पर्याय निवडा आणि तिकिटाचा स्क्रीनशॉट द्या. ॲप त्यातला क्यूआर किंवा बारकोड ओळखून त्याचा पास बनवतं. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: हा पास म्हणजे त्या कोडची नुसती नक्कल आहे. कार्यक्रम पुढे ढकलला, गेट बदललं, तरी यावर काहीच बदलणार नाही. नाव, तारीख, आसन क्रमांक ॲपने चुकीचा वाचला असेल, तर तिथेच दुरुस्त करा.

सूचना-पट्टी खाली ओढल्यावर ज्या चौकटी दिसतात (वायफाय, टॉर्च वगैरे), त्यांत वॉलेटची चौकट आणून ठेवा. पेन्सिलचं चिन्ह दाबलं की चौकटी हलवता येतात. दारात ॲप शोधत बसावं लागत नाही.

आयफोनवर

इथे रस्ता सरळ आहे, पण एकच आहे. ईमेलमध्ये किंवा वेबसाइटवर ‘ॲड टू ॲपल वॉलेट’ हे बटण शोधा, किंवा ज्या जोडफाइलच्या नावाच्या शेवटी ‘पीकेपास’ (.pkpass) असतं ती उघडा. पास पडद्यावर दिसतो. वर उजवीकडे ‘ॲड’ दाबलं की झालं. ती फाइल दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये उघडत नसेल, तर आयफोनच्या मूळ मेल ॲपमध्ये किंवा सफारीत उघडून बघा.

आलेलं तिकीट पीडीएफ असेल, तर ते वॉलेटमध्ये ओढून टाकता येत नाही. पीकेपास फाइलवर तिकीट देणाऱ्याची डिजिटल सही असते आणि ती सही असल्याशिवाय वॉलेट पास घेत नाही. पीडीएफ आली असेल तर ती ‘फाइल्स’ ॲपमध्ये ‘ऑन माय आयफोन’ या कप्प्यात जतन करा. आयक्लाउडच्या कप्प्यात ठेवलेली फाइल कधीकधी उघडताना इंटरनेट मागते, आणि नेमकं तेच आपल्याला टाळायचंय.

पास उघडून वरचे तीन ठिपके दाबले की त्याची सेटिंग्ज दिसतात. आपोआप अद्ययावत होण्याची आणि सूचनांची परवानगी चालू ठेवा. तिकीट देणाऱ्याने पासमध्ये वेळ आणि ठिकाण भरलं असेल, तर कार्यक्रमाच्या सुमारास पास कुलूपबंद पडद्यावरच दिसायला लागतो. तो दिसलाच पाहिजे असं धरून मात्र चालू नका, कारण ते देणाऱ्याने काय भरलंय यावर अवलंबून असतं.

आणखी एक अडचण. मुदत संपलेले पास आयफोन आपोआप लपवतो. आयोजकाने पासमध्ये वेळ चुकीची भरली असेल किंवा कार्यक्रम पुढे ढकलला असेल, तर चांगलं चालू तिकीटही त्यात जातं. वॉलेटच्या तळाशी जाऊन मुदत संपलेल्या पासांची यादी बघा, तिथे ते मिळेल. गुगल वॉलेटमध्येही असे जुने पास वेगळ्या कप्प्यात हलवले जातात.

विमानमोडची चाचणी

या लेखातलं एकच काम करायचं असेल, तर हे करा. आदल्या दिवशी पास एकदा वायफायवर उघडा. मग फोन विमानमोडमध्ये टाका, वायफाय वेगळं चालू राहिलं असेल तर तेही बंद करा, सगळी ॲप्स झटकून बंद करा आणि पास पुन्हा उघडा. कोड पूर्ण आणि ठळक दिसला, तर तिकीट खरोखर फोनमध्ये आहे. गोल फिरणारं चिन्ह दिसत राहिलं किंवा लॉगिन मागितलं, तर ते तिकीट अजून इंटरनेटवर आहे आणि वानखेडेसारख्या ३३,००० प्रेक्षकांच्या मैदानाबाहेर ते उघडेल याची खात्री नाही.

चाचणी फसली, तर काय करायचं? तिकीट तिकिटाच्या ॲपमध्येच उघडत असेल, तर त्या ॲपमध्ये आधी लॉगिन करून ठेवा. कार्यक्रमाच्या दिवशी ते अपडेट करू नका, त्याचा डेटा पुसू नका, सिमकार्ड बदलू नका. स्क्रीनशॉट चालतो असं तिकिटावर लिहिलं असेल, तर स्क्रीनशॉट घेऊन गॅलरीत वेगळ्या अल्बममध्ये ठेवा. लग्नाच्या आठशे फोटोंत तो शोधायची वेळ येऊ नये.

कोड वाचला का जात नाही

क्यूआर कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत १९९४ मध्ये तयार झाला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. कारखान्यात तेल, मळ, ओरखडे असणारच, म्हणून थोडा भाग खराब झाला तरी वाचता येईल अशी सोय त्यात मुळातच आहे. सर्वांत वरच्या पातळीला साधारण ३० टक्के आणि सर्वांत खालच्या पातळीला साधारण ७ टक्के नुकसान तो भरून काढतो. तरीही दारात तो अडतो, त्याची कारणं बहुधा पुढचीच असतात.

कोडच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात. यंत्र आधी ते तीन शोधतं आणि मग बाकीचं वाचतं. फोनच्या काचेला तडा असेल आणि तो नेमका यांतल्या एकावरून जात असेल, तर कोड बाकी स्वच्छ असूनही वाचला जात नाही. चित्र बोटाने थोडं सरकवून किंवा लहान करून तडा नसलेल्या भागावर आणा.

कोडभोवती पांढरी मोकळी कड लागते, कोडमधल्या बारीक चौकोनांच्या चारपट रुंद. स्क्रीनशॉट कापताना लोक नीटनेटका दिसावा म्हणून अगदी कोडच्या कडेपर्यंत कापतात. मग फोन काळ्या थीमवर असेल, तर ते चित्र काळ्या पडद्यावर दिसतं, कोडची काळी कड पार्श्वभूमीत मिसळते आणि यंत्राला कोड कुठे संपतो ते कळत नाही. स्क्रीनशॉट कापूच नका. व्हॉट्सॲपवरून पाठवायचा असेल, तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबून लहान केला जात नाही.

बाकीचं पटकन: पडद्याची उजळता पूर्ण वाढवा (आयफोनचं वॉलेट पास उघडल्यावर ती स्वतःच वाढवतं), रात्रीचा पिवळसर प्रकाश बंद करा, बाजूने दिसू नये म्हणून लावलेली काळसर काच असेल तर फोन यंत्राच्या अगदी समोर सरळ धरा, पडदा पुसा. फोन यंत्राला टेकवू नका. वीतभर अंतर ठेवा आणि हात स्थिर धरा. पडदा आपोआप बंद होण्याची वेळ तेवढ्या दिवसापुरती दोन मिनिटं करून ठेवा.

आणि चार्जिंग. फोन बंद पडला की क्यूआर कोडही गेला, त्याला दुसरा इलाज नाही. मोठ्या मैदानांत पॉवर बँक आत नेऊ देत नाहीत, तेव्हा त्या भरवशावर निघू नका. घरून पूर्ण चार्ज करून निघा आणि वाटेत बॅटरी बचत चालू ठेवा. परतीची टॅक्सी आणि लोकलचं तिकीटही त्याच फोनवर असणार आहे.

दारात

रांगेत पुढे दहा-बारा माणसं उरली की पास उघडा. त्याआधी पासवरचं गेट आणि स्टँड नीट वाचा. वानखेडेला सुनील गावसकर स्टँड आणि विजय मर्चंट स्टँड यांची दारं वेगळी आहेत, चर्चगेटला उतरायचं की मरीन लाइन्सला हेसुद्धा गेट बघूनच ठरवलेलं बरं. चुकीच्या दारात कोड स्कॅन केला, तर यंत्र लाल दिवा दाखवतं आणि माणसं ‘तिकीट खोटं निघालं’ म्हणून घाबरतात. आधी गेट तपासा.

चौघांची तिकिटं एकाच फोनवर असतील, तर ज्याच्या हातात फोन आहे त्याने सगळ्यांत शेवटी आत जावं. एकेक पास बोटाने बाजूला सरकवत स्कॅन करून घ्यायचा आणि प्रत्येक वेळी एक माणूस पुढे जाऊ द्यायचा. फोनवाला पहिला आत गेला, तर यंत्राच्या पलीकडून त्याला मागे येऊ देत नाहीत आणि आजी-आजोबा बाहेर राहतात. काही ठिकाणी सगळ्या आसनांचा मिळून एकच कोड असतो. तेव्हा सगळे एकत्र आल्याशिवाय तो स्कॅन करूच नका.

ओळखपत्र मागितलं जाणार असेल आणि ते डिजिलॉकरमध्ये असेल, तर त्यालाही विमानमोडची चाचणी लावा. मूळ कार्ड खिशात असलं तर प्रश्नच नाही.

मराठी नाटकाला जाणार असाल, तर इतका खटाटोप बहुधा लागत नाही. बालगंधर्व किंवा गडकरी रंगायतनच्या दारावरचा माणूस आसन क्रमांक बघतो आणि सोडतो. बुकिंगचा मेसेज स्क्रीनशॉट करून ठेवला तरी भागतं. सोबत वयस्कर मंडळी वेगळी येणार असतील, तर त्यांच्या हातात छापील कागदच द्या. कागदाला चार्जिंग लागत नाही.

परदेशातला हलता कोड

न्यू जर्सीला किंवा लंडनला मुलांकडे गेलेल्यांना तिकीटमास्टर या तिकीट विकणाऱ्या कंपनीची तिकिटं हमखास भेटतात. तिथे बऱ्याच कार्यक्रमांना कोड स्थिर नसतो, दर काही सेकंदांनी बदलतो. स्क्रीनशॉट घेतला तो क्षणात शिळा होतो. अशा तिकिटाचा फोटो काढून गुगल वॉलेटमध्ये टाकण्यातही अर्थ नाही. बटण दाबून वॉलेटमध्ये घातलेला खरा पासच चालतो. काही ठिकाणी तर कोड दिसतच नाही. फोन वाचकयंत्राजवळ धरला की एनएफसीने (अगदी जवळून चालणाऱ्या बिनतारी जोडणीने) तिकीट वाचलं जातं, त्यासाठी अँड्रॉइडवर एनएफसी चालू लागतं. खात्याला भारतातला मोबाइल क्रमांक जोडला असेल, तर ओटीपी त्याच सिमवर येणार. ते सिम रोमिंगवर चालू आहे ना, हे निघायच्या आधीच बघा.

कोड कुणाला दाखवू नका

स्थिर कोडच्या तिकिटाचा मालक म्हणजे तो कोड सगळ्यांत आधी स्कॅन करणारा. तिकीट मिळाल्याच्या आनंदात त्याचा फोटो स्टेटसला ठेवला, तर कोड सगळ्यांना मिळाला. ठेवायचाच असेल तर संपूर्ण कोड झाका. नुसती अर्धी रेघ मारून उपयोग नाही, तो नुकसान भरून काढू शकतो हे वर आलंच आहे.

ग्रुपवर कुणी अनोळखी माणूस तिकीट विकत असेल आणि स्क्रीनशॉट पाठवतो म्हणत असेल, तर घेऊ नका. तोच स्क्रीनशॉट दहा जणांना विकता येतो आणि आत जातो फक्त पहिला. मित्राला तिकीट द्यायचं असेल, तर ॲपमधला अधिकृत ‘ट्रान्सफर’ वापरा. त्यात तिकीट समोरच्याच्या खात्यावर जातं आणि ते तुमच्या नावावर उरत नाही.

वॉलेटमध्ये तिकीट घालायला किंवा परतावा मिळायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना नाही. कुठल्याही लिंकवर तो मागितला, तर तिथेच थांबा. पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

कार्यक्रमानंतर

आत गेल्यावर लगेच पास काढून टाकू नका. मध्यंतरात आसन तपासतात, बाहेर जाऊन परत येऊ देत असतील तर पुन्हा स्कॅन करतात. घरी आल्यावर हवा तर काढा. पण पास पुसला म्हणजे तिकीट रद्द झालं असं होत नाही आणि कार्यक्रम रद्द झाला म्हणजे पास आपोआप जाईल असंही नाही. रद्द करणं आणि परतावा, दोन्ही तिकीट विकणाऱ्याकडेच होतात. परतावा खात्यात जमा होईपर्यंत बुकिंग क्रमांकाचा ईमेल ठेवा, वॉलेटमधला पास गेला तरी चालेल.

फोन हरवला, तर दुसऱ्या फोनवर त्याच गुगल खात्याने वॉलेट उघडा. बटणाने घातलेले पास परत दिसतात. आयफोनवर आयक्लाउडमध्ये वॉलेटचा पर्याय चालू असेल, तर तिथेही पास नव्या फोनवर येतात. म्हणून त्या खात्याचा पासवर्ड हरवलेल्या फोनशिवाय दुसरीकडे कुठेतरी लिहिलेला असू द्या.